ड्रममध्ये आधी काय होतं?

(महासंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



मी माइक हातात घेतला की तुम्हाला वाटतं, झालं, आता ही वसुली काढणार, नाहीतर रजिस्टर मागणार. आज रजिस्टर नाही मागत. आज दोनच प्रश्न विचारते. पहिला सोपा आहे. कुणाकुणाच्या दारात पाण्याचा निळा ड्रम आहे? हात वर करा.

बघा, जवळजवळ सगळेच हात वर आले. येणारच. आपल्याकडे मार्च उजाडला की टँकर सुरू होतो. टँकर गावात अर्धा तास थांबतो, त्या अर्ध्या तासात जिच्याकडे जेवढे ड्रम तेवढं तिचं पाणी. म्हणून ड्रम ही आपल्या घरातली फार मोलाची वस्तू आहे.

आता दुसरा प्रश्न. तो ड्रम तुमच्याकडे येण्याआधी त्यात काय होतं, हे किती जणींना सांगता येईल?

दोन हात. एक काकू म्हणतात, खाद्यतेलाचा होता, ओळखीच्या मिठाईवाल्याकडून आणला. छान. बाकीच्यांचे हात खाली. लाजू नका. सहा महिन्यांपूर्वी हा प्रश्न मलाही कुणी विचारला असता, तर माझाही हात खालीच राहिला असता. नुसता खाली राहिला असता तर परवडलं असतं. मी त्याहून मोठी चूक केली. ती आज सगळ्यांसमोर सांगणार आहे.

आपल्याच महासंघातल्या एका गटाची गोष्ट आहे. गटाचं नाव घेत नाही, त्या ताया इथे बसल्यात आणि त्यांनी मला सांगायची परवानगी दिली आहे. एमआयडीसीच्या रस्त्यावरचा एक भंगारवाला त्यांच्याकडे आला. म्हणाला, कारखान्यातून रिकामे ड्रम येतात, ते धुऊन द्यायचे, एका ड्रमचे पंचवीस रुपये. पाच जणी मिळून दिवसाला साठ ड्रम धुतील, म्हणजे पंधराशे रुपये, प्रत्येकीला तीनशे. खुरपणीला उन्हात जायचं नाही, काम गावातच, सावलीत. गट मला विचारायला आला. मी काय केलं? मी खूश झाले. एमएसडब्ल्यू करताना आम्हाला शिकवलं होतं की स्थानिक संधी ओळखा. मला वाटलं, हीच ती संधी. पत्र्याची शेड, पाण्याची मोटर, पाइप यासाठी तीस हजारांच्या कर्जाचा प्रस्ताव मी स्वतः लिहिला. त्यात नफा-तोट्याचा तक्ता होता, परतफेडीचा तक्ता होता. ड्रममध्ये काय असतं, हा रकाना मात्र नव्हता. मला तो सुचलाच नाही.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग एकीचे हात खाजायला लागले, दुसरीच्या बोटांची सालं निघाली. सगळ्यांना वाटलं, साबणाने झालं असेल. संध्याकाळी खोकला यायचा, तर म्हणायच्या, ओल्यात काम आहे, सर्दी झाली. मग एक दिवस एका ड्रमच्या तळाशी थोडं काहीतरी उरलेलं होतं. वहिनींनी नेहमीसारखा पाइप आत धरला. पाणी पडल्याबरोबर आतून चर्रकन आवाज आला, वाफ आली, उग्र वास सुटला आणि शिंतोडे उडून मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. डोळे वाचले, कारण नेमकं त्या क्षणी त्यांनी मान वळवली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं केमिकल होतं?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. ड्रमवरचं लेबल फाडलेलं. मी भंगारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काही नसतं हो ताई, साबणाचंच पाणी असतं." डॉक्टरांनी फोन ठेवायला सांगितला आणि हात पाण्याखाली धरायला लावला.

तायांनो, पाच बायका महिनाभर रोज साठ ड्रम धूत होत्या आणि आपण काय धुतोय हे एकीलाही माहीत नव्हतं. ज्या शिकलेल्या मुलीने प्रस्ताव लिहिला, तिलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर मी बसून वाचलं, जाणकारांना विचारलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट. ज्याला आपण रिकामा ड्रम म्हणतो, तो रिकामा नसतो. साधा हिशोब करा. मोठा ड्रम दोनशे लिटरचा. सगळं ओतून घेतलं आणि फक्त शंभरातला एक भाग तळाला नि कडेला चिकटून राहिला, तरी ते दोन लिटर झालं. दोन लिटर तेल सांडलं तर आपण किती हळहळतो! शिवाय काही रसायनं प्लास्टिकमध्येच मुरतात. आपल्या लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीचा वास दहादा घासला तरी जातो का? तसंच ते. बाहेरून ड्रम चकाचक दिसतो, पण उन्हात तापला की आतलं हळूहळू पाण्यात उतरतं. लोखंडी ड्रमचा तर वेगळाच धोका. थिनर, सॉल्व्हंट असं पेट घेणारं काही त्यात होतं, तर आत वाफ साठून राहते. बंब किंवा चूल करायला असा ड्रम गॅस कटरने कापायला घेतला, की ठिणगी पडते आणि ड्रम फुटतो. यात माणसं जिवानिशी गेलेली आहेत.

दुसरी गोष्ट. हे काम आपलं नव्हतंच. २०१६ सालचे केंद्र सरकारचे घातक कचऱ्याचे नियम आहेत. त्या नियमांच्या यादीत रसायन लागलेले रिकामे ड्रम, डबे, आतलं अस्तर हे सगळं घातक कचरा म्हणून नावानिशी लिहिलेलं आहे. कारखान्याने असा कचरा साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. तो ज्याच्याकडे परवानगी आहे त्यालाच द्यायचा. गाडी निघाली की सोबत कागद लागतो, त्यावर काय माल, किती माल, कुठून निघाला, कुठे पोहोचला हे लिहिलेलं असतं आणि त्याच्या प्रती प्रत्येक हाताकडे राहतात. आपल्या दुधाच्या गाडीसोबत पावती असते ना, तसंच. आपल्या राज्यात असा कचरा नीट जाळायला, नाहीतर खाली अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरायला तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी खास केंद्रं आहेत. ड्रम धुऊन पुन्हा वापरायचे असतील, तर तेही परवानगी असलेल्या ठिकाणीच धुवायचे. तिथे धुतलेलं पाणीसुद्धा शुद्ध करावं लागतं.

या सगळ्याला पैसे लागतात आणि ते कारखान्याने द्यायचे असतात. जो कुणी ते पैसे वाचवायला ड्रम गुपचूप भंगारात देतो, त्याचे पैसे वाचतात. पण खर्च काही नाहीसा होत नाही. तो आपल्या वहिनींच्या हातावर येतो. त्या ड्रमांचं पाणी महिनाभर आपल्याच ओढ्याला जात होतं, तो खर्च ओढ्याकाठच्या विहिरीवर येतो.

आता तुम्ही म्हणाल, एमआयडीसी त्या गटाच्या गावाजवळ आहे, आमच्या गावाला काय त्याचं? म्हणून आता आपल्या घराकडे, शेताकडे येऊ. घातक कचरा फक्त कारखान्यात नसतो.

शेतापासून सुरू करू. आपण फवारणीच्या विषाला काय म्हणतो? औषध. "औषध मारायला गेलेत," असं म्हणतो. म्हणून त्याची भीती वाटत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हापासून फवारणाऱ्याच्या हातमोज्यांबद्दल, मास्कबद्दल थोडं तरी बोललं जातं. पण फवारणी झाल्यावर उरलेली बाटली, विषाचा डबा, भिजलेले कपडे कुणाच्या हाती येतात? आपल्या.

बिहारमधली एक गोष्ट सांगते. १६ जुलै २०१३. सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावची शाळा. दुपारचं जेवण जेवून तेवीस मुलं दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. हे कीटकनाशक आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही चांगलं माहीत आहे. आधी कीटकनाशक असलेल्या डब्यात तेल ठेवलं गेलं असावं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. तिथल्या स्वयंपाकीण बाईंना तेलाचा रंग आणि वास वेगळा वाटला होता. त्यांनी तसं वर सांगितलंही, पण तेल चांगलं आहे म्हणून त्यांना गप्प केलं गेलं, असं बातम्यांमध्ये आलं होतं.

आपल्या महासंघात शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या किती जणी आहेत? तायांनो, त्या बाईंचं नाक बरोबर होतं. तुम्हाला वास वेगळा आला, तर तेल कढईत टाकायचं नाही. मुख्याध्यापक रागावोत, नाहीतर सरपंच रागावोत. त्या दिवशी मुलांना नुसता भात देता येईल.

मग विषाच्या बाटलीचं करायचं काय? घरच्या माणसाला सांगायच्या गोष्टी लिहून घ्या. बाटली संपली की तिथेच, पंपात मिश्रण तयार करतानाच, तिच्यात पाव बाटली पाणी घालायचं, झाकण लावून हलवायचं आणि ते पाणी पंपातच ओतायचं. असं तीन वेळा. म्हणजे उरलेलं विष पिकावर जातं, पैसाही वाया जात नाही आणि विसळलेलं पाणी ओढ्यात जात नाही. मग बाटलीच्या बुडाला भोक पाडायचं, म्हणजे त्यात पुन्हा कुणी रॉकेल, तेल, पाणी भरणार नाही. कीटकनाशकांच्या नियमांतही हेच आहे, की रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून उघड्यावर टाकायचे नाहीत, मोडून वस्तीपासून लांब पुरायचे. लांब म्हणजे विहीर, बोअर, ओढा या सगळ्यांपासून लांब. कृषी सेवा केंद्रवाला किंवा कंपनी परत घेत असेल तर सगळ्यात उत्तम, आधी तिथे विचारा.

आणि चुलीत घालायची नाही! पावसाळ्यात ओलं सरपण पेटवायला आपण प्लास्टिकची बाटली खाली घालतो. मीही माझ्या आजीला घालताना पाहिलंय. विषाची बाटली जाळली की धूर थेट आपल्या छातीत आणि भाकरीवर.

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. वेगळे भिजवा, वेगळे धुवा, धुताना हातमोजे घाला. लेकराचं दुपटं त्या बादलीत तर अजिबात नको. बाटलीवर एक चौकोन असतो, त्यातला खालचा रंग बघायची सवय लावा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक असं नाही. तेही विषच आहे.

आता दवाखाना. गावातल्या डॉक्टरांच्या मागे, रस्त्याच्या कडेला सुया, सलाईनच्या नळ्या, रक्ताचे बोळे पडलेले आपल्यापैकी किती जणींनी पाहिलेत? २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लहान दवाखान्यालाही लागू आहेत आणि जनावरांच्या दवाखान्यालाही. रक्ताचे बोळे, जुनी औषधं पिवळ्या पिशवीत. नळ्या, प्लास्टिक लाल पिशवीत. सुया, ब्लेड टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त तो कचरा तिथे ठेवायचा नाही, ठरलेल्या गाडीने न्यायचा. झाडलोट करणाऱ्या मावशींना हे कुणी सांगत नाही आणि सुई टोचते ती त्यांनाच. आपल्या पशुसखी शेळ्यांना लस देतात, त्यांनीही सुई कचऱ्यात टाकायची नाही. जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करा, झाकण लावा आणि जनावरांच्या दवाखान्यात द्या. घरात कुणी साखरेसाठी इन्सुलिन घेत असेल, तरी सुयांचं असंच करायचं. ती बाटली उपकेंद्रात घेतात का, हे आशाताईंना विचारा.

चौथी वस्तू बॅटरी. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची, सोलरची. तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं. भंगारवाले ती फोडतात, शिसं वितळवतात. हाही धंदा गटांपुढे येऊ शकतो, म्हणून लांबची एक गोष्ट सांगते. आफ्रिकेत सेनेगल देश आहे. त्याच्या राजधानीजवळच्या एका वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम चालायचं. शिशाला भाव आला, तसे लोक शिसं मिसळलेली माती खणून, चाळून विकायला लागले. तिची पोती घरात ठेवायचे. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात त्या वस्तीत अठरा लहान मुलं दगावली. शिसं नाकातोंडातून शरीरात गेलं की मुलांच्या मेंदूला इजा करतं. किती शिसं चालेल, याला सुरक्षित असा आकडाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटुशी बाई असेल तर तिच्या बाळापर्यंत पोहोचतं. म्हणून बॅटरी फोडायची नाही, तिचं पाणी ओतून द्यायचं नाही. नवी घेताना जुनी दुकानात परत द्या, पैसेही वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे.

एवढं सगळं ऐकून डोकं भरलं असेल. म्हणून लक्षात ठेवायला फक्त पाच प्रश्न देते. कुणीही ड्रम, डबा, भंगार किंवा भंगाराचं काम घेऊन आलं, की घरात किंवा गटात घेण्याआधी विचारायचे.

१. यात आधी काय होतं?
२. त्याचं लेबल कुठे आहे? लेबल फाडलेलं असेल तर तिथेच थांबायचं.
३. हे कुठल्या कारखान्यातून आलं आणि सोबतचा कागद कुठे आहे?
४. हे धुवायची, फोडायची परवानगी कुणाकडे आहे? परवानगीचा कागद दाखवा.
५. धुतलेलं पाणी, उरलेला गाळ कुठे जाणार?

इंग्रजी वाचता येत नसेल तरी लेबलवरची चित्रं वाचता येतात. पतंगासारखा उभा चौकोन, लाल कडेचा. आत कवटी असेल तर विष. ज्वाळा असेल तर पेट घेणारं. हातावर आणि पत्र्यावर थेंब पडून ते झिजताना दाखवलं असेल तर जाळणारं. मेलेला मासा आणि वाळलेलं झाड असेल तर पाण्याला घातक. आणि एक फसवणूक ओळखा. ड्रमच्या बुडाला बाणांचा त्रिकोण आणि आत दोन आकडा असतो. विकणारा म्हणतो, बघा, चांगल्या प्लास्टिकचा आहे. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. आत काय भरलं होतं, हे तो सांगत नाही.

अपघात झालाच तर काय करायचं? कोरडी भुकटी असेल तर आधी झटकायची. मग अंगावरचा भिजलेला कपडा काढायचा, लाज बाळगायची नाही, आणि भरपूर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं. डोळ्याचंही तसंच. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावायचं नाही. विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, अंधारी, अंगाला झटके यांपैकी काही दिसलं तर १०८ ला फोन करायचा आणि बाटली किंवा लेबल सोबत न्यायचं. डॉक्टरांना तेच आधी हवं असतं. आम्ही रिकाम्या हाताने गेलो होतो, तुम्ही तसं जाऊ नका.

आता तुमच्या मनातले दोन प्रश्न मला दिसतायत.

एक, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण ड्रम टाकून दिला तर पाणी कशात भरू?" खरं आहे. रिकामा सल्ला देऊन मी तुमची टँकरची रांग सोडवू शकत नाही. म्हणून आपल्या कार्यकारिणीसमोर मी मागणी ठेवली आहे, की उन्हाळ्याआधी पाण्याच्या नव्या टाकीसाठी गटाच्या अंतर्गत कर्जाला पहिला क्रम द्यावा आणि टाक्या महासंघाने एकत्र घ्याव्यात, म्हणजे भाव कमी बसेल. तोवर ज्या ड्रमचा मागचा इतिहास माहीत नाही, त्यातलं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, लेकरांच्या अंघोळीला आणि जनावरांना नको. धान्य तर नकोच. त्यावर लाल रंगाने फुली मारा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळेल. टाकी आली की तो ड्रम ज्याच्याकडून घेतला त्याला परत करा. पाटाच्या कडेला नेऊन टाकू नका.

दुसरा प्रश्न अवघड आहे. "माझा मुलगा एमआयडीसीत आहे. तक्रार केली आणि त्याचं काम गेलं तर?" ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीने तक्रार करायचीच नाही. ग्रामसंघाचा ठराव करायचा, ग्रामसभेत मांडायचा आणि ग्रामपंचायतीच्या पत्राने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पाठवायचा. पत्रात नाव कुणा एकीचं नसतं, गावाचं असतं. रात्री कुणी ड्रम ओतताना, टाकताना दिसलं तर जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. लांबून फोटो, गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये आदेश दिला आहे, की कारखान्याने आपल्या घातक कचऱ्याची माहिती फाटकाबाहेर फलकावर लावायची. येता-जाता तो फलक बघा. फलक सगळ्यांना वाचायलाच लावलेला असतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि नियम पाळणारे कारखानेही आहेत. आपली मागणी कारखाना बंद करा अशी नाही, ज्याचा कचरा त्याने सांभाळा एवढीच आहे. तो नीट सांभाळला तर त्याचा पहिला फायदा आत काम करणाऱ्या आपल्याच मुलांना होणार आहे.

आता त्या गटाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. त्यांनी काम बंद केलं. उरलेले ड्रम भंगारवाल्याला उचलायला लावले. शेवटच्या आठवड्याचे पैसे त्याने आजपर्यंत दिलेले नाहीत. आम्ही ग्रामपंचायतीचं पत्र पाठवलं आहे, ओढ्याच्या पाण्याची तपासणी मागितली आहे आणि पाठपुरावा चालू आहे. तीस हजारांचं कर्ज मात्र गटाच्या डोक्यावरच आहे. महासंघाने हप्ता निम्मा करून मुदत वाढवून दिली, त्याबद्दल मी कार्यकारिणीचे आभार मानते. शेड आता शेवयांच्या यंत्रासाठी वापरायची, असं गटाने ठरवलंय. ओतलेल्या पाण्याची जागा सोडून, नवा कोबा करून.

ज्यांचा हात भाजला त्या वहिनींना मी भेटायला गेले होते. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं का?"

मी त्यावर खूप विचार केला. नसतं सांगितलं, वहिनी. पण मग न सांगणाऱ्याचं काम आपण घेतलं नसतं. विचारायचं ते एवढ्यासाठीच.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने रजिस्टरमध्ये एक नवीन पान सुरू करायचं आहे. वर लिहा, "आपल्या दारातले ड्रम." सदस्याचं नाव, ड्रम किती, कुठून आणला, आधी काय होतं. जिथे माहीत नाही तिथे "माहीत नाही" असंच लिहा, जागा कोरी सोडू नका. किती "माहीत नाही" येतात, त्यावर टाक्यांची मागणी ठरेल. आणि यापुढे व्यवसायाच्या कुठल्याही प्रस्तावात कच्चा माल कुठून आला आणि कचरा कुठे जाणार, हे दोन रकाने भरल्याशिवाय मी सही करणार नाही. केली तर मला सभेत उभं करून विचारा.

तेवढा हक्क तुमचा आहे.